बाबांची गोळी आईला का लागू पडली नाही? वेदना, नसा आणि एक प्रथिन

सोनटक्का (लालबाग) | रात्री १०:४०

गेल्या महिन्यात आमच्या घरात एकाच वेळी दोन दुखणी होती. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं आणि आईचे तळपाय. बाबांना घरी सोडताना डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्या दिवशीच ते म्हणाले, आता नकोत, खोकताना तेवढी कळ येते. उरलेलं पाकीट फ्रिजवर पडून राहिलं.

आईला एकोणीस वर्षं साखर आहे. दिवसा तिला काही जाणवत नाही. रात्री दिवा मालवला की तळपायांची आग सुरू होते. मध्यरात्री उठून ती मोरीतल्या ओल्या लादीवर उभी राहते. चादरीचा नुसता काठ लागला तरी पाय आखडून घेते. तिनं कुणाला न सांगता ते पाकीट संपवलं, वर केमिस्टकडून आणखी एक आणलं. नऊ दिवस, रोज दोन. आग तसूभरही कमी झाली नाही. पायांवर सूज आली आणि रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आलेला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. रिपोर्टांची जुनी फाईल चाळताना दोन वर्षांपूर्वीच्या तपासणीचा कागद सापडला. तेव्हा एका डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, "दहापैकी किती दुखतं?" आई म्हणाली होती, "दुखत नाही हो, आग होते." मी शेजारीच बसले होते. कागदावर इंग्रजीत एक ओळ आहे: वेदना नाहीत. दोन वर्षं त्या ओळीवर पुढचे कागद चढत गेले, आणि मीही ती कधी वाचली नव्हती.

आता ज्या डॉक्टर बाईंकडे जातो त्यांनी आकडा विचारलाच नाही. आग की मुंग्या? चमक येते का? चादर सोसते का? थंड लादीवर बरं वाटतं का? पायाला ट्यूनिंग फोर्क लावला, डोळे मिटायला लावून कापूस फिरवला. मग म्हणाल्या, "यांच्या नसाच दुखतायत. तुमच्या वडिलांची जखम दुखत होती. ही दोन दुखणी सख्खी नाहीत."

तेव्हापासून मी याच्याच मागे आहे. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे वाचायची सवय आहे, डॉक्टर नाही. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

वेदना नेणाऱ्या नसांच्या टोकांवर सोडियमची बारीक दारं असतात. ही दारं म्हणजेच प्रथिनं. दार उघडलं की सोडियम आत शिरतं आणि विजेचा ठोका पुढे धावतो. अशी नऊ प्रकारची दारं आपल्यात आहेत, वेदनेच्या नसांत मुख्यतः तीन: नॅव्ह १.७, १.८ आणि १.९. आमच्या गल्लीतल्या पोरांना समजावताना मी ढोलताशाचं उदाहरण देते. टोकाशी आलेला लहानसा धक्का नॅव्ह १.७ उचलतं आणि वाढवत नेतं, जसा ताशा आधी तडतडून सगळ्यांना तयार करतो. तो एका पातळीला पोचला की नॅव्ह १.८ चा ढोल पडतो आणि पडतच राहतो. ताशाच गप्प असेल तर ढोल उचललाच जात नाही.

हे माणसांत कसं कळलं ते वाचून मी रात्रभर जागी होते. २००६ साली 'नेचर'मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांवरचा अभ्यास आला. सुरुवात एका दहा वर्षांच्या मुलापासून झाली होती. तो रस्त्यावर खेळ करायचा: दंडात सुऱ्या खुपसायच्या, निखाऱ्यांवरून चालायचं. त्याला काहीच दुखत नसे. चौदा वर्षांचा होता होताच घराच्या छपरावरून उडी मारल्यानं तो गेला. मग त्या तीन कुटुंबांतल्या सहा मुलांना तपासलं, त्यांनाही वेदना ठाऊक नव्हती. ओठ-जिभा चावून फाटलेल्या, हाडं मोडलेली. पण स्पर्श कळायचा, गार-गरम कळायचं, गुदगुल्या व्हायच्या. बिघाड एकाच जनुकात होता, एससीएन-९-ए, म्हणजे ज्यावरून नॅव्ह १.७ बनतं ते. पुढे २०११ मध्ये दिसलं की अशा माणसांना वासही येत नाही, कारण नाकातल्या नसाही याच दारावर चालतात.

आणि याच प्रथिनाची उलटी बाजू. २००४ मध्ये चीनमधल्या रुग्णांत याच जनुकातला दुसरा बदल सापडला. त्यात दार फार सहज उघडतं. जरा ऊब लागली की हातपाय लालबुंद होऊन पेटतात. अशी माणसं पाय बर्फाच्या पाण्यात बुडवून बसतात. तिसऱ्या एका बदलात दार उघडतं पण नीट मिटत नाही, आणि तिथे तान्हेपणापासून वेदनेचे झटके येतात, तेही ठरावीक जागी: गुदद्वार, डोळे, जबडा. दार तेच आहे. मिटलेलंच राहिलं, सहज उघडलं, मिटेना झालं, आणि तीन वेगळी आयुष्यं झाली.

आईला यांतला कोणताही जन्मजात आजार नाही. पण मोरीत उभी असलेली ती मला ते वाचताना दिसत होती.

तर डायक्लोफिनॅक बाबांना का लागू पडलं? जखमेभोवती सूज असते, तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि ती नॅव्ह १.८ सारख्या दारांना हळवं करतात. गोळी प्रोस्टाग्लँडिन बनणं थांबवते, दारं शांत होतात. आईच्या पायात जखमही नाही, सूज असलेला सांधाही नाही. साखरेनं बारीक नसाच बिघडल्यात आणि त्या आपल्या आपण ठोके पाठवतात. जे बनतच नाही ते थांबवून काय होणार?

तुमच्या घरात कोण कोणत्या शब्दांत दुखणं सांगतं, ते वाचायला आवडेल.

---

भरतीओहोटी (मुलुंड) | रात्री ११:१५

सोनटक्काताई, माझ्या सासूबाईंचं हुबेहूब हेच. एक साधा प्रश्न आहे. प्रथिन म्हणताय ते डाळ-अंड्यातलंच का? त्यांचं प्रोटीन कमी केलं तर आग कमी होईल का? त्यांनी कुठूनतरी ऐकून डाळ सोडली आहे.

सोनटक्का | रात्री ११:३२

नाही हो, कृपा करून डाळ सोडू देऊ नका. खाल्लेल्या प्रथिनाचे पोटात तुकडे होतात आणि त्या तुकड्यांतून शरीर आपल्याला हवी ती प्रथिनं नव्यानं घडवतं. नसेवरचं दार त्यांतलंच एक. डाळ कमी केल्यानं दारं कमी होत नाहीत, माणूस मात्र अशक्त होतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर किती खायचं ते डॉक्टर सांगतील, पण त्याचा आगीशी संबंध नाही.

---

दाढेखाली (ठाणे) | सकाळी ७:५०

मी दातांची डॉक्टर आहे. हा धागा वाचून राहवलं नाही, कारण ही दारं बंद करणं हेच माझं रोजचं काम. भूल म्हणून जे लिग्नोकेन टोचतो ते सोडियमची दारं बंदच करतं. फक्त ते सगळीच दारं बंद करतं, म्हणून ओठ बधिर होतो, चूळ भरताना पाणी कुठून सांडतं ते कळत नाही.

पेशंट खुर्चीत म्हणतात, "डॉक्टर, भूल चढलीच नाही." पूर्वी काही जण त्यांना भित्रे ठरवायचे. ते भित्रे नसतात. दात आतून सुजून ठसठसत असेल तर तिथलं वातावरण आम्ल होतं आणि औषध नसेच्या आत नीट शिरू शकत नाही. शिवाय सुजलेल्या दातात नॅव्ह १.८ वाढलेलं आढळतं आणि ते लिग्नोकेनला सहज दाद देत नाही. त्याच जबड्यातला शेजारचा निरोगी दात मात्र दगडासारखा बधिर झालेला असतो. एकच तोंड, एकच सुई.

गार पाण्यानं क्षणभर सणक येते, दात रात्रभर ठणकतो, चावताना कळ येते. या तीन शब्दांवर माझं निम्मं निदान होतं. एक्स-रे नंतर.

---

लोकलची_खिडकी (कल्याण) | सकाळी ९:०५

दाढेखाली, तुमच्या पोस्टवर माझी गोष्ट सांगते, कारण माझे दोन चांगले दात यात गेलेत.

चार वर्षांपूर्वीची सकाळची फास्ट लोकल. दारातून वारा गालावर आला आणि उजव्या जबड्यात वीज पडल्यासारखं झालं. दोन सेकंदच. पण त्या दोन सेकंदांत मी किंचाळले, बायकांनी मला धरून बसवलं. मग दात घासताना, टिकली लावताना, बोलताना. मधल्या वेळेत काहीच नाही, म्हणून घरच्यांना पटेना. एका दवाखान्यात दाढ काढली, मग तिच्या शेजारची. वीज तशीच. दीड वर्षानं मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या नसेवर मेंदूच्या मुळाशी बहुधा रक्तवाहिनी घासते.

त्यांनी कार्बामाझेपिन दिलं. मिरगीची गोळी मला का, म्हणून मी रडले होते. साध्या वेदनाशामकांनी जे वर्षभरात झालं नाही ते तिनं चार दिवसांत केलं. आज सोनटक्काताईंमुळे कळलं की तीही सोडियमच्या दारांवरच काम करते. सतत उघडझाप करणाऱ्या दारांना ती जास्त धरते, म्हणे. रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात, अंगावर पुरळ आलं तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवायचं असतं. पण मी आता खिडकीत बसते. ओढणी गालावर असते, तरी खिडकीत बसते.

दाढेखाली | सकाळी ९:४०

वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलामुलीला मी हेच सांगते: दातात खोट दिसत नसेल आणि दुखणं विजेसारखं असेल, तर पकड हातात घ्यायची नाही.

---

माणगावचा_मुंबईकर (परळ) | दुपारी १:२०

मी विज्ञानातला नाही, बेस्टमधून निवृत्त झालो. पण सोडियमचं दार म्हटल्यावर मला आमच्या गावचा विंचू आठवला.

लहानपणी भाताच्या पेंढ्यात माझ्या काकाला लाल विंचू चावला. बोटापासून खांद्यापर्यंत जो शूळ उठला तो पाहिलेला आहे. रात्रभर तो भिंतीवर हात आपटत होता. दुखतंय याचा सगळ्यांना धीर वाटत होता. जुनी माणसं म्हणायची, नुसतं दुखतंय तोवर बरं, घाम फुटून हातपाय गार पडले की गेलं. पुढे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ते खरं का आणि त्यावर काय करायचं ते दाखवून दिलं. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून त्यांनी कोकणातले किती जीव वाचवले. 'लॅन्सेट'मध्ये १९८६ साली छापून आलं होतं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

प्रश्न असा की विंचवाचं विष याच दारांवर बसतं का?

प्रयोगवही (पवई) | दुपारी २:१०

काका, हो, याच दारांवर. मी नसांच्या पेशींवरच पीएचडी करतोय. लाल विंचवाच्या विषातली द्रव्यं सोडियमचं दार मिटू देत नाहीत. वेदनेच्या नसेत ते झालं तर शूळ. शरीराचा कारभार आपोआप चालवणाऱ्या नसांत झालं तर घाम, रक्तदाब, हृदयावर ताण आणि फुप्फुसात पाणी. तुमच्या गावची माणसं जे पाहून सांगत होती ते अगदी बरोबर होतं. बावस्कर सरांनी औषध वेदनेवर शोधलं नाही, त्या दुसऱ्या वादळावर शोधलं.

याच विषयातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. अमेरिकेच्या वाळवंटात एक उंदीर आहे, तो विंचू मारून खातो. २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं की त्याचं नॅव्ह १.८ थोडं वेगळं घडलंय. विष त्याला चिकटतं आणि दार उघडायच्या ऐवजी बंद करतं. नांगी बसली की त्याला वेदना होण्याऐवजी बधिरता येते.

मूळ लेखात दोन गोष्टी जोडतो, ताई. तुम्ही एकच प्रथिन म्हणालात, पण ते कोणत्या नसेत बसलंय यावरही दुखणं ठरतं. लंडनच्या जॉन वुड यांच्या गटानं २०१२ मध्ये उंदरांत नॅव्ह १.७ निरनिराळ्या पेशींतून काढून पाहिलं. नेहमीच्या वेदनावाहक नसांतून काढलं तर चिमट्याची आणि सुजेची वेदना गेली. चटक्याची वेदना घालवायला सगळ्याच संवेदी नसांतून काढावं लागलं. नस कापल्यावर होणारी वेदना तेवढ्यानंही गेली नाही, ती जायला सिंपथेटिक नसांतूनही, म्हणजे आपोआप कारभार चालवणाऱ्या नसांतूनही, ते काढावं लागलं.

दुसरं, नॅव्ह १.७ नसलेल्या माणसांत आणि उंदरांत शरीर स्वतःची अफूही जास्त बनवतं. २०१५ मध्ये याच गटानं जन्मतः वेदना नसलेल्या एका बाईंना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा दुखलं. म्हणून नुसतं १.७ बंद करणारी गोळी बनवून ती अवस्था येत नाही. मधुमेहाच्या पायदुखीवर अशी गोळी वापरून पाहिली गेली, तिचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही.

---

शिवडीची_सांज | रात्री ९:३०

मी इथे फार लिहीत नाही. माझ्या मिस्टरांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे, हाडांत उतरलाय. परळला उपचार चालू आहेत, तिथली माणसं देवासारखी वागतात. बातम्यांत वाचलं की अमेरिकेत वेदनेवर नवीन गोळी आलीय, अफू नसलेली. ती यांना चालेल का? मॉर्फिन सुरू करायचं म्हणतात. यांच्या भावाचं म्हणणं, मॉर्फिन म्हणजे शेवट आला, एकदा लागलं की सुटत नाही. मी तीन दिवस बाटली कपाटात ठेवलीय.

हे दुखणं कसं आहे ते यांना सांगता येत नाही. "आत काहीतरी कुरतडतंय" एवढंच म्हणतात. कूस बदलताना ओरडतात.

प्रयोगवही | रात्री ९:५५

मावशी, ती गोळी म्हणजे सुझेट्रिजिन. नॅव्ह १.८ बंद करते. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती मोठ्यांच्या तात्पुरत्या, तीव्र वेदनेसाठी. चाचण्या पोटाच्या आणि पायाच्या अंगठ्याच्या ऑपरेशननंतर झाल्या होत्या, म्हणजे सोनटक्काताईंच्या बाबांसारखी वेदना. मणक्यातून पायात उतरणाऱ्या सायटिकावर दिली तेव्हा औषध नसलेल्या गोळीनंही जवळजवळ तेवढाच आराम पडला.

आणि हाडातल्या कॅन्सरचं. मला हे लिहायला जड जातंय, पण तुम्ही विचारलंत. जॉन वुड यांच्याच गटानं २०१४ मध्ये पाहिलं की नॅव्ह १.७ नसलेल्या, किंवा नॅव्ह १.८ असलेल्या वेदनेच्या नसाच नसलेल्या, उंदरांनाही हाडाच्या कॅन्सरची वेदना होते. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानं होणारी वेदनाही. म्हणजे ते दुखणं बहुधा या दारांतून येतच नाही, त्याची वाट निराळी आहे. तुम्ही त्या गोळीसाठी धावपळ करू नका.

मॉर्फिन वेगळ्या प्रथिनांवर बसतं, मणक्यात आणि मेंदूत. निरोप कुठल्याही दारातून आला तरी वरच्या मजल्यावर त्याचा आवाज कमी करतं.

दाढेखाली | रात्री १०:१०

ताई, बाटली कपाटातून काढा. डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं, सांगितलेल्या वेळी द्यायचं, दुखायची वाट बघत बसायचं नाही. बद्धकोष्ठ होतो, त्याचं औषध बरोबरच मागून घ्या. मॉर्फिन म्हणजे शेवट, हे खरं नाही. माझ्या वडिलांनी ते घेऊन दीड वर्ष सकाळचा पेपर वाचला. आपल्याकडे ते मिळणंच अवघड होतं, २०१४ मध्ये कायदा बदलल्यावर रुग्णालयांना थोडं सोपं झालं. आणि हाडाच्या त्या जागी रेडिएशनचा विचार करता येईल का, हे विचारा. कधीकधी एकाच बैठकीत बराच आराम पडतो.

---

काशाची_वाटी (गिरगाव) | सकाळी ६:४५

माझी आजी तळपायांच्या आगीवर काशाच्या वाटीनं तूप चोळायची. मीही माझ्या आईला चोळते. ती झोपते. इतकी प्रथिनं वाचून वाटलं, आम्ही करतो ते खुळेपणाचं आहे का?

प्रयोगवही | सकाळी ८:३०

अजिबात नाही. स्पर्शाच्या जाड नसा आणि वेदनेच्या बारीक नसा मणक्यात एकाच फाटकापाशी येतात. स्पर्शाची वर्दळ वाढली की वेदनेला वाट कमी मिळते. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हा विचार मांडला, तपशील पुढे बदलले पण गाभा टिकला. आपटल्यावर आपण चोळतो ते त्यासाठीच. फक्त साखर असेल तर आधी पाय डोळ्यांनी तपासा: भेग, फोड, जखम. बधिर पायाला वाटीचा काठ लागलेला कळत नाही. गरम पाण्याची पिशवी तर नकोच.

आणि ज्यांना स्पर्शच सोसत नाही, सोनटक्काताईंच्या आईंना चादरीचा काठ लागतो तसा, त्यांना चोळू नये. तिथे स्पर्शाचं दारच वेदनेच्या बाजूला फितूर झालेलं असतं. त्या दाराचं नाव पीझो-२. ते शोधणाऱ्या आर्डेम पॅटापूशियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, मिरचीचं दार शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर. ज्यांच्यात पीझो-२ जन्मतः नाही त्यांच्या त्वचेवर मिरचीचा अर्क लावून पाहिलं. तिखट झोंबलं, पण नंतर हलका स्पर्श दुखला नाही. आपल्याला दुखतो.

---

शिवडीची_सांज | रात्री ११:०५

काल रात्रीपासून सुरू केलं. आज दुपारी त्यांनी स्वतः कूस बदलली. एवढंच सांगायला आले.

---

सोनटक्का | दहा दिवसांनी, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार. आईचं क्रिएटिनिन उतरलंय, पूर्ण नाही. तिला प्रीगॅबालिन सुरू केलंय, मूत्रपिंडामुळे अगदी कमी मात्रेत. ते सोडियमच्या दारावर नाही, कॅल्शियमच्या दाराच्या एका जोडभागावर बसतं. पहिले तीन दिवस घेरी आली, भिंत धरून चालत होती. फ्रिजवर आता फक्त तिची गोळ्यांची डबी असते.

आज तपासणीला गेलो. बाईंनी विचारलं, "कसं आहे?" मी मध्ये बोलले नाही. आई बराच वेळ पायांकडे बघत बसली. मग म्हणाली, "आग गेली नाही, पण निखारा होता त्याची राख झालीय. आता हुळहुळतं." बाईंनी पेन थांबवलं, 'हुळहुळतं' म्हणजे कसं ते तिच्याकडून पुन्हा समजून घेतलं, आणि इंग्रजी ओळीच्या पुढे तो शब्द देवनागरीत लिहिला.

मोरीतली लादी गेले चार दिवस रात्री कोरडी आहे.